दुसरी करडगी

नर्सनं पडद्याआडून "सुधारानीचे कोण आहेत?" म्हणून हाक मारली तेव्हा बसवप्रभूला वाटलं, कुठंतरी सही राहिली असणार. दवाखान्यात सह्यांना काय तोटा! खिशातलं पेन चाचपत तो आत गेला. त्याची बायको स्टुलावर बसली होती, अंगात हिरवा गाऊन, केस सगळे टोपीत कोंबलेले, आणि मान उघडी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची मान अशी पार मोकळी त्यानं कधी बघितली नव्हती. मंगळसूत्र नाही, इष्टलिंगाचा दोरा नाही, आणि दोरा घासून घासून मागं काळपट पडलेली एक रेघ तेवढी दिसत होती. मंगळसूत्र तिनं सकाळी बीदरजवळच्या नौबादच्या घरी काढून देवघरात ठेवलं होतं. लिंगाचं काय, हा घोर दोघांनाही होता, पण तो डॉक्टरीणबाईंनीच मिटवला. ज्योत्स्नाबाई इथल्या, कलबुर्गीच्याच, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. एक्स-रेखाली सुई घालायची म्हणजे गळ्यात काही चालायचं नाही, पण लिंग मुठीत धरून झोपा, मी काही बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. तशी तिची करडगी, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी, तिच्या उजव्या मुठीत होतीच. डाव्या हातात मात्र दुसरी एक करडगी होती. छोटी, लेकरांच्या गळ्यात घालतात तेवढी.

"हे जरा धरा," ती म्हणाली. "ह्या हाताला सलाईन लावणार म्हणायलेत. खाली ठेवू नका. खिशात बी घालू नका."

"कुणाचं हे?"

तिनं नर्सकडं बघितलं, मग फरशीकडं. "चैत्राचं."

ती घाईघाईनं म्हणाली, "त्या दिवशी मी घेतले. ताटात होतं, तुमी समदे भायेर होतात. आता काय बोलायचं ते मागून बोला." आणि नर्सनं "चला अक्का" म्हणून तिला दंडाला धरून आत नेलं सुद्धा. दार लागलं. दारावर लाल दिवा लागला. बसवप्रभू मूठ छातीशी धरून तसाच उभा राहिला, आणि मागून वॉर्डबॉय "सरका, सरका" म्हणत गाडी घेऊन आला तेव्हा कुठं भिंतीकडच्या बाकावर येऊन टेकला.

चैत्रा त्यांची मुलगी. एकुलती एक. शाळेच्या गॅदरिंगची तालीम चालली होती, अंग गरम लागतंय म्हणून संध्याकाळी लवकर झोपली, आणि चौथ्या दिवशी बीदरच्या दवाखान्यातून तिला परत आणली ती तशी. अकरावं सरलं नव्हतं. दुबलगुंडीला वडिलोपार्जित शेतात, बांधाच्या अलीकडं, आजोबांच्या शेजारी तिला बसवली. बसवलीच म्हणायचं, कारण त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून, कपाळाला भस्म लावून, खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवतात आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं ते, जन्मभर अंगावेगळं करायचं नाही, दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही, आणि जाताना सोबत तेवढं एकच न्यायचं. बाकी सगळं इथंच राहतं. आणि त्याच्या बायकोनं, आईनं, तेवढंच काढून घेतलं होतं. पहिल्यांदा आला तो संताप. असा संताप की उठावं, ते लाल दिव्याचं दार ढकलावं आणि विचारावं, बाई, काय केलंस हे? लेकराला मोकळ्या हातानं पाठवलीस? वैरी तरी असं करील का?

"इंजेक्शन का? मानेचं?" शेजारचा म्हातारा विचारत होता. धोतर, डोक्याला रुमाल, गळ्याला पांढरा पट्टा. निर्णा गावचे रेवणप्पा, असं त्यानं न विचारता सांगितलं. "भ्यायचं काम न्हाई अण्णा. माझं मागल्या वर्साला झालंय, आज परत आलोय. पालथं निजवत्यात. तोंडाला भोकाची उशी असतीय, खालची फरशी बघत ऱ्हायाचं. मान पुसत्यात, ते लई गार. मंग बारकी सुई, चावल्यावानी. मंग मोठी. ती दुखत न्हाई, नुसतं दाबल्यावानी वाटतं, कुणीतरी आतून अंगठा लावल्यावानी. म्या तर झोपलोच की."

"बरं," बसवप्रभू म्हणाला.

"पण खरं सांगू का? घरी गेल्यावर दुखतंय. अगूदरपेक्षा जास्त. म्या तर डॉक्टरला शिव्या घातलो, फशिवली म्हणलो. मंग हळूहळू एक दिशी बघतो तर मान वळायली! म्हशीकडं बघाय अख्खं अंग वळवत होतो, ते मान वळायली." म्हातारा आपल्याच बोलण्यावर खुदकन हसला. "पर टिकत न्हाई. चार-सा महिनं. मंग हाय तेच."

टिकत नाही हे ज्योत्स्नाबाईंनीही सांगितलं होतं. परवा त्यांनी मानेच्या मणक्यांचं चित्र काढून दाखवलं, दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकलीय, ती शिरेला टेकलीय, शिरेला सूज आहे. औषध स्टेरॉइडचं, त्यानं सूज उतरेल, गादी काही जागेवर जाणार नाही. व्यायाम करावा लागेल, वजन उचलायचं नाही. थोडे दिवस चेहरा लाल होईल, झोप येणार नाही, साखर वाढेल. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. सुधारानी सगळं मान खाली घालून ऐकत होती. "कशामुळं झालं असंल?" असं त्यानंच विचारलं होतं, आणि त्यानंच उत्तरही दिलं होतं, "शिलाई मशीन, दुसरं काय! दिवसभर मान मोडून बसती." घरात सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. साड्यांचे फॉल, ब्लाउजं, गल्लीतल्या सगळ्या बायकांची कामं. नको म्हटलं तरी घ्यायची. आता त्याला आठवलं, की त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, गळ्यात जड काही घालता का? आणि ती "न्हाई" म्हणाली होती, पटकन, विचार न करता.

हातातली डबी घामानं ओली झाली होती. बोटभर लांबीची, तिला काय वजन असणार! आणि तेवढ्यात त्याच्या मनात पाल चुकचुकली. तिनं हे ताटातून घेतलं असेल, तर मग आपण चैत्राच्या हातावर काय ठेवलं? ठेवलं होतं ना काहीतरी? त्या दिवसाचं त्याच्यापाशी सलग असं काहीच नव्हतं. तो दिवस त्यानं इतक्या वर्षांत स्वतःलाही बघू दिला नव्हता. पंप-पाइपांचं दुकान तिसऱ्या दिवशी उघडलं, लोक म्हणाले, धीराचा माणूस. सुधारानीनं एका रात्री खीर वाढताना "चैत्राला गुळाची हुग्गी..." एवढंच म्हटलं आणि तो ताटावरून उठला होता. "आता पुरे. तिचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात," असं म्हणाला होता. मोठ्यानं नाही म्हणाला. पण म्हणाला. त्यानंतर नाव निघालं नाही. शाळेचे कपडे गेले, सायकल गेली, भिंतीवरचा फोटो त्यानं रंगकामाच्या निमित्तानं उतरवला तो परत लावला नाही. सुधारानीनं हूं की चूं केलं नाही. ती मशीनवर बसायची. हे सगळं आज, ह्या फिनाइलच्या वासात, त्याच्या अंगावर कोसळत होतं, आणि ज्या एका गोष्टीसाठी तो हे उकरत होता ती काही हाताला लागत नव्हती. अंगणात तुडुंब माणसं होती. थोरला भाऊ काशप्पा ट्रॅक्टर सांगायला गेला होता. कुणीतरी रडत रडत चहा देत होतं. अंत्यविधी करणारे जंगम अय्या आले. अय्या त्याच्याशी काहीतरी बोलले. काय बोलले?

आत काहीतरी यंत्र टुकटुक वाजलं आणि थांबलं. ती पालथी असेल. फरशीकडं बघत. मान पुसली असेल. तिला गार सोसत नाही, थंडीत दोन पदर घेऊन मशीनवर बसते. आणि आता तिचा जीव टांगणीला असणार, मानेतल्या सुईचं तिला काय, बाहेर हा माणूस काय करतोय याचाच घोर. ती बिचारी आत हलू पण शकत नाही. त्याचा संताप कुठं गेला ते त्यालाच कळलं नाही.

अय्या म्हणाले होते, "इथंच काढून घ्या बसवप्रभू, तिथं गडबड हुतीय." हे शब्द आले, आणि मग त्यांच्या मागोमाग स्वतःचे हात आले. दिव्याजवळ ताट होतं, ताटात विभूती, बेल, आणि चैत्राची करडगी. तिचं झाकण त्याच्यानं निघेना, मग कसंबसं निघालं. आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लिंग. त्यानं ते मुठीत घेतलं. कापड परत आत कोंबलं, झाकण लावलं, सवयीनं, दुकानात रिकाम्या खोक्याचंही झाकण तो लावून ठेवतो. आणि डबी ताटात टाकून तो बाहेर गेला. ट्रॅक्टरवर चैत्राला मांडीशी धरून बसला तेव्हा ते त्याच्या मुठीत होतं. दुबलगुंडीपर्यंत होतं. करडगी नंतर दिसली नाही, अय्यांना गेली असेल असं त्यानं धरून चाललं होतं.

पण हे खरं कशावरून? माणूस स्वतःच्या सोयीचंही आठवतो. त्यानं रेवणप्पांकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू नये. लेकीच्या तरी कसा लावायचा? झाकण घट्ट बसलं होतं, कधी न उघडल्यासारखं. नख घालून वर केलं. आत कापडाचा बोळा होता, पिवळा पडलेला. त्यानं तो बाहेर काढला, उलगडला, झटकला. काही नव्हतं. डबीत बोट फिरवलं. काही नव्हतं.

"शिवा," तो पुटपुटला. त्याला रडू आलं ते सुटकेचं. लेकीपाशी तिचं आहे. कुणी नेलं नाही. मातीखाली तिच्या तळहातावर आहे, आपणच ठेवलं. त्याला हे दार उघडून ओरडून सांगावंसं वाटलं. आणि उठता उठताच तो परत खाली बसला.

कारण मग ती इतकी वर्षं काय बाळगून होती? पहाटे पूजेला बसली की हिला उठायचं भान नसायचं, तो चहासाठी कुरकुर करायचा. ओठ हलत असायचे. मंत्र नव्हते ते, आता कळलं, ती बोलत होती. झोपेत तिचा हात ब्लाउजवर असायचा. अंघोळीला दार लावून घ्यायची, आजारी पडली तरी त्याला गळ्याशी हात लावू द्यायची नाही, आणि तो मनात म्हणायचा, ही बाई कोरडी पडली. दर अवसेला तो एकटाच दुबलगुंडीला जायचा, समाधीवर पाणी घालून यायचा. "चल" म्हटलं की तिचं काहीतरी निघायचं. एकदाही आली नाही! कसली आई, असं त्याला वाटायचं, काशप्पाची बायको तर तोंडावर म्हणाली होती. ती कोणत्या तोंडानं येणार होती? तिच्या लेखी चैत्रा तिथं हात पसरून बसलेली होती, मोकळा हात, आणि त्या हातातलं हिच्या गळ्यात होतं. उघडून बघायची सोय नाही, पूजा करायची सोय नाही, परत द्यायची सोय नाही. बाळगायचं तेवढं. असली चोरी पदरात घेऊन ती रोज भाकरी थापत होती, त्याला वाढत होती, तो पुरे म्हणाला तेव्हा गप्प बसत होती.

सांगावं तर तिची लेक दुसऱ्यांदा जाते. न सांगावं तर ती आयुष्यभर चोर राहते. बसवप्रभूला आयुष्यात कधी असलं माप घ्यावं लागलं नव्हतं. न सांगण्याकडंच मन ओढत होतं, हे त्यानं कबूल केलं. काय बिघडतंय? एवढ्या वर्षांत न उघडलेली डबी ती आता कशाला उघडील? तिच्याजवळ काहीतरी आहे एवढं तर राहू दे. त्यानं कापड होतं तसं आत घातलं. झाकण दाबलं. पुन्हा मुठीत धरलं. रेवणप्पा आता त्याच्याकडं टक लावून बघत होते.

लाल दिवा विझला. ज्योत्स्नाबाई टोपी काढत बाहेर आल्या. "झालं, छान झालं. हलल्या नाहीत अजिबात. आता अर्धा-एक तास पडू द्या. मान हलकी वाटेल, डावा हात बधिर वाटेल, ती भूल आहे. संध्याकाळी भूल उतरली की दुखायला लागेल, दोन-तीन दिवस जास्तच दुखेल. ते दुखणं वाईट नाही, औषध त्याच्यानंतर धरतं. ताप आला, डोकं फार दुखलं, हातातली ताकद गेली, तर मात्र लगेच फोन करायचा." तो मान डोलवत होता. "आणि गळ्यात थोडे दिवस काही नको," त्या जाता जाता म्हणाल्या.

ती खाटेवर डोळे मिटून पडली होती. मानेमागच्या चिकटपट्टीची कड तेवढी दिसत होती, गालावर उशीच्या भोकाचा वळ. तो शेजारच्या स्टुलावर बसला. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "ठेवला न्हाईत ना खाली?"

"न्हाई."

"उघडलात?"

हे ती विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. उत्तर जिभेवर तयार होतं, नाही म्हणायचं, संपलं. पण ती पुढं बोलायला लागली, हळू, डोळे उघडून छताकडं बघत. "आत पडल्यावर लई भ्याव वाटलं. सुईचं न्हाई. म्हणलं, आता मी हितंच गेले तर तुमी मला दुबलगुंडीलाच नेणार. तिच्या शेजारी. मग तिला काय सांगू? माजं माज्या हातात अन् तिचं..." तिनं उजवी मूठ आवळली. "तिचं बी माज्यापाशीच. लेकराला लुबाडले मी. तिचं काय तरी ऱ्हावं माज्यापाशी, म्हणून घेतले. तवा कळलं न्हाई. तुमी समदे मातीतून परत आल्यावर कळलं. तवापासून मान वर करून बघू वाटत न्हाई कुठंच."

"सुधा," तो म्हणाला. "चैत्रा मोकळ्या हातानं गेली न्हाई."

ती त्याच्याकडं वळायला गेली, वळता येईना. तो उठून तिच्या समोर आला. चैत्राचं नाव तोंडातून निघालं होतं, ते त्यालाही नंतर कळलं. "लिंग तिच्याच हातात हाय. घरातच काढून घेतलो होतो मी, अय्या म्हणले म्हणून. तू घेतलीस ती नुसती डबी. आत कापड हाय. उघडून बघिटलो आत्ता."

"खोटं बोलायलाव. मला बरं वाटावं म्हणून."

त्यानं झाकण काढून डबी तिच्या समोर धरली. तिनं उजव्या मुठीतलं स्वतःचं लिंग छातीवर ठेवलं आणि मोकळ्या झालेल्या हातानं कापड ओढून काढलं. बोटांत चोळून बघितलं, शिवण चाचपली. तिनंच कधीतरी शिवलेलं असणार. मग डबीत बघितलं. त्याला वाटलं ती रडेल, ओरडेल, निदान सुटकेचा एक श्वास टाकील. तिचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला.

"मग इतके दिवस मी कुणाला धरून बसले होते?" ती म्हणाली.

पलीकडच्या खाटेवर रेवणप्पांना आणून निजवत होते, ते कण्हत कण्हत नर्सशी थट्टा करत होते. सुधारानीनं कापड परत आत घातलं नाही. मुठीत धरून ठेवलं.

"मूठ मिटली तिची?"

"आं?"

"लिंग ठेवल्यावर. धरली का तिनं?"

त्यानं तोंड फिरवलं. फिरवूनही भागेना. "न्हाई," तो म्हणाला. "मिटंना झाली. मी मिटवायचो, ती उघडायची. बोटं उघडायली परत परत. मग मी खाली उतरलो. तिच्या पुढं बसलो अन् दोनी हातांनी तिची मूठ धरलो. अय्या म्हणले, सोडा आता, माती लोटायचीय. न्हाई सोडलो. काशप्पाअण्णा उतरला अन् बखोटं धरून मला वर काढला. वर आल्यावर बघिटलो तर मिटलेली होती." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "नखांना मेंदी होती गं तिच्या. गॅदरिंगची. करंगळीला तेवढी न्हवती लागली."

"पुसून टाकली होती तिनं. खाज यायली म्हणून." सुधारानी म्हणाली. आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, बाजूनं वाहत कानात जाऊ लागलं, मान वळवता येत नव्हती म्हणून ते तसंच जात राहिलं. "कामून सांगितला न्हाईत मला कधी?"

तू कुठं विचारलंस, असं तो म्हणणार होता. तिला विचारू कुणी दिलं नाही, हे त्याला तोंड उघडायच्या आत आठवलं. "चुकलं," तो म्हणाला.

तिनं डावा हात खाटेवरून थोडा पुढं सरकवला. सलाईनची पट्टी, निळा पडलेला मागचा भाग. तळहात वर केला, तो करायलाही तिला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली, आणि त्याच्यावर तिनं ते पिवळं कापड ठेवलं.

"कसं धरलात, दावा."

बसवप्रभू फरशीवर उकिडवा बसला. तिची बोटं एकेक करून मिटवली, करंगळीपासून सुरुवात केली. त्यांत जोर नव्हता, सोडली की उघडत होती. मग त्यानं दोन्ही हातांनी ती मूठ धरली आणि धरून बसला. नर्स आली, बीपी बघायचं म्हणाली, त्याच्याकडं बघून परत गेली. त्याचे खांदे हलत होते. सुधारानी छताकडं बघत काहीतरी शोधत असल्यासारखी पडून होती.

"धरलाव का?" तिनं विचारलं.

"व्हय. धरलोय की."

"मला कळंना," ती म्हणाली. "भूल उतरली की परत एकदा धरा."